पंधरा श्वासांची विश्रांती

मुष्टियुद्धाच्या कोणत्याही व्यायामशाळेत आज पाऊल टाकले म्हणजे तिची पहिली ओळख कानांना होते. भिंतीवरच्या घड्याळाची घंटा वाजते आणि दोरीवरून उड्या मारणारा, वाळूच्या पिशवीवर ठोसे हाणणारा, आरशासमोर स्वतःच्याच प्रतिबिंबाशी झुंजणारा असे सारे जण एकदम कामास लागतात. तीन मिनिटे जातात, पुन्हा घंटा होते आणि सारे एकदम थांबतात. एक मिनिट सरते आणि पुन्हा घंटा होते. तासभर हाच क्रम चालतो. तीन मिनिटांचे श्रम आणि एका मिनिटाची विसावणूक ह्या मापाला त्या विद्येत फेरी म्हणतात. आज मुष्टियुद्धच नव्हे, तर अंगाशी अंग भिडवून खेळावयाच्या बहुतेक सर्व विद्यांचा अभ्यास ह्या फेऱ्यांच्या मापाने होतो.

हे माप कोठून आले, आणि आपल्याकडील मल्लविद्येला ते सर्वस्वी परके होते काय, ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठी बडोद्यासारखे, म्हणजे आजच्या वडोदऱ्यासारखे, दुसरे सोयीचे स्थान नाही. जेथे काळाचे कोणतेही बंधन न मानणारी भीषण झुंज राजाच्या डोळ्यांपुढे होत असे, त्याच नगरात पुढे दोनतीन पिढ्यांच्या आत व्यायामाला शिस्त आणि देशी खेळांना लिखित नियम मिळाले. हा पालट कसा घडला हे पाहिले म्हणजे फेरीचे मर्मही ध्यानात येते. ते मर्म असे की, फेरीचा खरा शोध तीन मिनिटांच्या झुंजीत नसून त्या एका मिनिटाच्या विश्रांतीत आहे.

प्रथम आपल्या जुन्या कालगणनेकडे वळू. दिवसरात्रीच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, हा हिशेब आपल्या आजोबापणजोबांना तोंडपाठ असे. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, असे मंगलकार्याच्या घरी अगदी अलीकडेपर्यंत मोजीत असत. परंतु पळाच्याही खाली आपल्या ज्योतिषग्रंथांनी आणखी एक माप ठेवले आहे, आणि त्याचे नाव प्राण. सहा प्राण म्हणजे एक पळ. घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचे. म्हणून प्राण होतो बरोबर चार सेकंदांचा. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचा एक श्वास साधारण तेवढ्याच वेळात होतो. आपल्या पूर्वजांनी काळाचे सर्वांत लहान व्यवहार्य माप आकाशातून न घेता माणसाच्या छातीतून घेतले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आता हाच हिशेब फेरीला लावून पाहा. एक मिनिटाची विश्रांती म्हणजे पंधरा प्राण. तीन मिनिटांची झुंज म्हणजे पंचेचाळीस प्राण. दोन्ही मिळून चार मिनिटे. अशा सहा फेऱ्या झाल्या की एक घटका भरते. हा अर्थात योगायोग आहे. इंग्लंडात ज्यांनी फेरीचे नियम लिहिले त्यांना आपल्या घटकापळांची वार्ताही नव्हती. तथापि ह्या योगायोगामुळे आपणांस एक सोय झाली आहे. पंधरा श्वास म्हटले की त्या एका मिनिटात काय घडावयास हवे, हे मिनिट ह्या शब्दापेक्षा अधिक चांगले कळते.

श्रम किती करावे, ह्याचे मापही आपल्याकडे श्वासावरूनच ठरविले होते. सुश्रुतसंहितेत व्यायामाची मर्यादा सांगताना अर्धशक्तीचा नियम घातला आहे. अंगी जितके बळ असेल त्याच्या निम्म्यापर्यंतच श्रम करावे, आणि हृदयातील वायू तोंडावाटे येऊ लागला, म्हणजे माणसाला तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला, की ते निम्मे बळ खर्ची पडले असे समजावे, असा त्याचा आशय आहे. ही एका अर्थाने शरीराने स्वतःच वाजविलेली घंटाच होय.

मल्लांविषयीचे आपले दोन महत्त्वाचे संस्कृत ग्रंथ छापून बाहेर आले तेही बडोद्याहूनच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेला मानसोल्लास गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. त्यातील मल्लविनोदात ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवल अशी मल्लांची प्रतवारी लावलेली आहे. दुसरा ग्रंथ मल्लपुराण. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांचा, म्हणजे ज्यांना आपण जेठी म्हणतो त्यांचा, हा परंपरेचा ग्रंथ भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता ह्यांनी संपादून १९६४ साली त्याच मालेत छापला. प्रत्यक्ष कुस्तीला त्यात रंगश्रम म्हटले आहे, खांबावरच्या मेहनतीला स्तंभश्रम, आणि डावपेचांचा खल करण्याला ऊहापोहश्रम. डावांची चर्चा करणे हेही श्रमातच जमा धरणारी ही दृष्टी किती प्रगल्भ आहे! परंतु ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, हे सारे शास्त्र श्रमाच्या प्रकारांचे आणि प्रमाणाचे आहे. प्रत्यक्ष झुंज किती वेळ चालावी, आणि मध्ये दोघांनाही सारखी उसंत मिळावी की नाही, हा प्रश्न तालमीतला नव्हता. तो होता रंगणातला, आणि रंगणाचा मालक राजा असे.

ते रंगण कसे होते हे बडोद्याच्याच इतिहासात पाहावयास मिळते. खंडेराव महाराज गायकवाड १८५६ ते १८७० ह्या काळात गादीवर होते. त्यांना मल्लांचा आणि साठमारीचा अतोनात नाद. हत्तींच्या झुंजी ज्या अगडात होत, तो अगड बडोद्याच्या जुन्या वैभवाची आणि जुन्या क्रौर्याचीही खूण आहे. लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी १८६० नंतरच्या दशकात खंडेरावांच्या दरबारी येऊन राहिला होता. त्याचा सचित्र प्रवासग्रंथ १८७५ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. त्यात त्याने नखीच्या कुस्तीचे वर्णन केले आहे. शिंगाची अणकुचीदार नखे मुठीत बांधून दोन मल्ल एकमेकांच्या डोक्यावर, छातीवर, अंगावर घाव घालीत. भांग-अफूच्या तारेत ते झुंजत. रक्ताने दोघेही न्हाऊन निघत, आणि एक जण पुरता नामोहरम होईपर्यंत झुंज चाले. जेठींची वज्रमुष्टीची विद्या ती हीच. म्हैसूरच्या दरबारातही तिचा मान होता.

ह्या झुंजीत शौर्य नव्हते असे कोण म्हणेल? जेठींची शास्त्रपरंपरा जुनी आणि शिस्तीची होती. परंतु त्या झुंजीला शेवट देणारी शक्ती तिच्या आत कोठेच नव्हती. एक तर शरीर हरले पाहिजे, नाही तर राजाने हात वर केला पाहिजे. मल्लाचा श्वास संपला काय, हे विचारण्याचा अधिकार त्याच्या वस्तादालाही नव्हता.

पाश्चात्त्य देशांत तरी काही निराळे होते काय? मुळीच नाही. इंग्लंडात जॅक ब्रॉटन ह्याने १७४३ साली ठोशांच्या झुंजीचे पहिले लेखी नियम केले. पुढे १८३८ साली लंडन प्राइझ रिंगचे नियम आले. ह्या दोहोंत फेरी होती, पण ती घड्याळाची फेरी नव्हती. दोघांपैकी कोणीतरी जमिनीवर पडला म्हणजे फेरी संपे. मग तीस सेकंदांची उसंत, आणि त्यानंतर आठ सेकंदांच्या आत मैदानाच्या मध्यावर काढलेल्या रेघेपाशी येऊन उभे राहावयाचे. येता आले नाही तर हार. म्हणजे विश्रांती मिळवावयाची तर आधी पडावे लागे! त्यामुळे लबाड मल्ल दम लागला की मुद्दाम पडत, आणि प्रामाणिक मल्ल उभा राहून मार खाई. एखादी फेरी काही सेकंदांची, तर एखादी फार लांबलेली. जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन ह्यांची उघड्या मुठींची अखेरची मोठी झुंज १८८९ च्या जुलैत अमेरिकेत मिसिसिपी संस्थानात झाली. भर उन्हात ती दोन तासांहून अधिक वेळ चालली आणि तिच्या ७५ फेऱ्या झाल्या.

तोवर नव्या नियमांचे बीज मात्र पडून चुकले होते. १८६७ साली जॉन ग्रॅहॅम चेंबर्स ह्या गृहस्थाने बारा नियमांचा एक मसुदा प्रसिद्ध केला. त्याला आपले नाव दिले क्वीन्सबेरीच्या उमरावाने, म्हणून मसुदा लिहिणारा मागे राहिला आणि उमराव अमर झाला. हातमोजे, पडलेल्यास दहा सेकंद, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तीन मिनिटांची फेरी व मध्ये एक मिनिटाची विश्रांती, ह्या गोष्टी त्या मसुद्याने रूढ केल्या. आता विश्रांतीसाठी पडण्याचे कारण उरले नाही. जिंकत असलेल्यालाही तीच आणि हरत असलेल्यालाही तीच, अशी विश्रांती घड्याळाने वाटून दिली. सलिव्हन १८९२ साली न्यू ऑर्लिन्स येथे ह्याच नियमांनी हातमोजे घालून जेम्स कॉर्बेटशी लढला आणि एकविसाव्या फेरीत हरला. पायांनी हलका, श्वास राखून लढणारा मल्ल केवळ दणकट मल्लाला भारी पडू लागला. मोजलेल्या काळाने झुंजीचे स्वरूपच बदलले.

कुस्तीत हे शहाणपण यावयास आणखी वेळ लागला, आणि तो का लागला ह्याचे एक उदाहरण आपल्याच गामा पहिलवानाचे आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनच्या स्टेडियममध्ये गामा पोलंडच्या झ्बिश्कोशी लढला. काळाची मर्यादा नव्हती. चितपट होईल तो हरला, एवढाच नियम. गामाने पहिल्याच मिनिटात त्याला खाली घेतले. त्यानंतर झ्बिश्को जमिनीला जो चिकटला तो अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी तसाच राहिला. अखेर कुस्ती निर्णयावाचून सोडवावी लागली, आणि आठवड्याने ठरलेल्या पुढच्या कुस्तीस झ्बिश्को आलाच नाही. १९२८ साली पतियाळा येथे पुन्हा गाठ पडली तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत आसमान दाखविले. पण तो भाग निराळा. लंडनच्या कुस्तीने एवढे सिद्ध केले की काळाचे बंधन नसले म्हणजे शूराला न्याय मिळतोच असे नाही. उलट नुसते पडून राहणाऱ्याला आश्रय मिळतो. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तर मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड आसिकाइनेन ह्यांची एक कुस्ती अकरा तास चाळीस मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण इतका थकला की सुवर्णपदकाच्या पुढच्या कुस्तीस उभा राहूच शकला नाही. ह्या अनुभवानंतर कुस्तीलाही घड्याळ स्वीकारावे लागले. आजच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत तीन तीन मिनिटांचे दोन भाग असतात आणि त्यांच्या मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत.

आता पुन्हा बडोद्यास येऊ. खंडेरावांनंतर काही वर्षांनी, १८७५ साली, सयाजीराव महाराज गादीवर आले आणि १९३९ पर्यंत त्यांचा अंमल चालला. शाळा, ग्रंथालये, प्राच्यविद्या ह्यांच्याबरोबर व्यायामालाही त्या काळात नवे वळण लागले. त्या वळणावर उभी असलेली संस्था म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद. त्यांचा आखाडा पुढे चालविला त्यांचे हिंदू शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव ह्यांनी, आणि आपल्या गुरूचेच नाव त्या मंदिरावर कायम ठेवले. १८७८ साली जन्मलेले माणिकराव १९५४ साली निवर्तले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बोथाटी, जंबिया ह्या विद्यांत त्यांचा अधिकार मोठा. हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती दूरवर होती. परंतु त्यांचे खरे ऐतिहासिक कार्य सांघिक व्यायामाचे आहे.

सांघिक व्यायाम म्हणजे नुसती गर्दीची कवाईत नव्हे. जुन्या तालमीत एकेक पठ्ठा आपापल्या शक्तीप्रमाणे जोर-बैठका काढी. शंभर, दोनशे, पाचशे असा आकडा हेच त्याच्या मेहनतीचे माप. ज्याचा आकडा मोठा तो थोर. ह्या पद्धतीत दुबळा मुलगा कोपऱ्यात राही, किंवा ईर्ष्येने अति करून आजारी पडे. माणिकरावांनी शेकडो मुले एका रांगेत उभी केली, देशी भाषेतल्या आज्ञा दिल्या, आणि लाठी-लेझीमपासून जोर-बैठकांपर्यंत सारे प्रकार एका ठेक्यावर आणले. ठेका आला म्हणजे आरंभ आणि विराम दोन्ही सर्वांचे झाले. घड्याळाची घंटा तेथे नव्हती, पण घंटेचे तत्त्व मात्र तेथे आले होते. श्रम सुरू कधी करावयाचे आणि थांबवावयाचे कधी, हे आता एकट्याच्या ईर्ष्येवर राहिले नाही.

ह्याच व्यायाम मंदिरात १९०७ ते १९१० ह्या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण शिकला. डभोईस जन्मलेला हा तरुण पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झाला. उड्डीयान आणि नौली करताना शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी १९२० च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात यंत्रांच्या साह्याने तपासून पाहिले, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. श्वास ही मोजण्याची, तपासण्याची वस्तू आहे, ही जाणीव माणिकरावांच्या शिष्यपरंपरेतून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली, हे बडोद्यास भूषणावह आहे.

खेळांच्या बाबतीतही तेच घडले. हुतुतू हा खेळ म्हणजे श्वासाचे घड्याळच होय. चढाई करणाऱ्याने एका दमात हुतुतू म्हणत शिरावयाचे. दम आहे तोवर तो वीर, दम तुटला की बाद. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने ह्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी तेथे अखिल भारतीय सामने भरले. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या जिमखान्याने खोखोचे नियम छापले. त्यांची पूर्वतयारी १९१४ पासून पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने केलेली होती. आजच्या कबड्डीत पुरुषांच्या सामन्याचे वीस वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती आणि चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे. म्हणजे जेथे पूर्वी एकट्या छातीचा दम हेच माप होते, तेथे आता दमाच्या जोडीला घड्याळ बसले आहे. बडोद्याचेच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनी १९३६ ते १९४९ ह्या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढून ही सारी विद्या मराठी वाचकांच्या हाती दिली, हेही येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. मुंबईस तर १९२५ सालीच इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना उभी राहिली होती. अशा रीतीने दोन प्रवाह जवळ आले: एक आपल्या तालमीचा, दुसरा क्वीन्सबेरीच्या घंटेचा.

हे झाले सामन्यांविषयी. पण सामन्याची फेरी अभ्यासात का आणावयाची? सामन्यात तीन मिनिटे झुंजावयाचे असेल तर सरावही तीन मिनिटांचा हवा, हे उत्तर उघड आहे. तथापि ते अपुरे आहे. जोराचा ठोसा किंवा झेप ह्यांना लागणारी तत्काळची शक्ती स्नायूंत फार थोडी साठलेली असते. दहाएक सेकंदांच्या निकराच्या श्रमात तिचा बराचसा साठा सरतो. थांबले म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात त्यातील निम्मा भाग परत भरतो, पुरता भरावयास काही मिनिटे लागतात. म्हणून एका मिनिटाच्या विसाव्यानंतर मल्ल पुष्कळसा ताजा होतो, पण पुरता ताजा होत नाही. प्रत्येक फेरीस तो किंचित उणा होऊन उतरतो, आणि त्या उणेपणाशी शरीराने जुळवून घेणे हाच अभ्यास. नवशिक्याला चांगला शिक्षक म्हणूनच दोन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाचा विसावा देतो. पहिल्या फेऱ्या दोरीच्या उड्यांच्या, मग एकट्याने हात चालविण्याच्या, मग पिशवीच्या, आणि शेवटी जोडीदाराबरोबरच्या. माप तेच ठेवून काम बदलावयाचे, म्हणजे आज कालच्यापेक्षा किती प्रगती झाली हे नेमके कळते.

जर्मनीत गेर्श्लर ह्या शिक्षकाने आणि राइंडेल ह्या हृदयतज्ज्ञाने १९३० नंतरच्या दशकात धावपटूंसाठी हेच तत्त्व पुढे नेले. थोडे अंतर वेगाने धावावयाचे, मग नाडी ठराविक आकड्यापर्यंत उतरू द्यावयाची, आणि पुन्हा धावावयाचे. हृदय बळकट होते ते विसाव्याच्या त्या अवधीत, असे त्यांचे मत होते. झेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक अशाच तुकड्यातुकड्यांच्या धावण्याने तयार झाला आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकला. जपानच्या इझुमी ताबाता ह्यांचे १९९६ सालचे संशोधन तर वीस सेकंद श्रम आणि दहा सेकंद विसावा एवढ्या लहान मापावर उभे आहे. मुष्टियुद्धाच्या घंटेने जे अनुभवाने ओळखले होते, त्याला पुढे शास्त्राचा आधार मिळाला.

ह्यावर आपल्या तालमीतले जुने वस्ताद एक आक्षेप घेतील, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतील, घंटेने माणूस मोजता येत नाही. एकाचा दम दोन मिनिटांत जातो, दुसऱ्याचा पाच मिनिटांत. दोघांना एकाच घंटेला बांधणे हा कसला न्याय? शिवाय निकाली कुस्तीची जी गोडी, ती गुणांच्या आणि मिनिटांच्या कुस्तीला कोठून येणार? कोल्हापूरच्या खासबागेत चितपट कुस्ती पाहिलेल्या रसिकाला ही खंत वाटणे स्वाभाविक आहे. सुश्रुताचा अर्धशक्तीचा नियमही ह्या वस्तादांच्याच बाजूचा आहे, कारण तो प्रत्येकाचे बळ निराळे धरतो.

आक्षेप खरा आहे, परंतु त्याने घंटा बाद होत नाही. घंटा वस्तादाची जागा घेण्यासाठी नाहीच. ती वस्तादाला एक अवसर मिळवून देते. झुंज चालू असताना वस्ताद कितीही शहाणा असला तरी दूर उभा असतो. त्या एका मिनिटात मात्र पठ्ठा त्याच्यासमोर येऊन बसतो. श्वास कसा चालला आहे, डोळे कोठे पाहत आहेत, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नीट येते की नाही, हे पाहावयास त्याला पंधरा श्वास मिळतात. खंडेरावांच्या अगडातल्या जेठीला नेमके हेच मिळत नव्हते.

ह्या अवसराची किंमत किती, ते दोनतीन घटनांवरून दिसते. ज्या हेलसिंकीत झाटोपेकने मोजलेल्या विसाव्याच्या बळावर जग जिंकले, त्याच हेलसिंकीत आपले खाशाबा जाधव कुस्ती लढत होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती लढून हरला आणि लगेच रशियाच्या मल्लाशी लढावयास बोलावला गेला. दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाने अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती, पण ती मागावयास त्यांच्या बाजूचा अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. तरीही त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नियमाच्या पुस्तकात विश्रांती लिहिलेली असून भागत नाही. ती मागणारा माणूस कोपऱ्यात उभा असावा लागतो, हा त्यातला धडा.

तो माणूस असला म्हणजे काय होते, हे १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे दिसले. महंमद अली आणि जो फ्रेझर ह्यांच्या चौदा फेऱ्या झाल्या होत्या, एकच उरली होती. फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते, तरी तो उठावयास तयार होता. त्याचा शिक्षक एडी फच ह्याने त्या एका मिनिटात त्याला पाहिले आणि उठू दिले नाही. फ्रेझर हरला, पण घरी गेला. उलट १९८२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत कोरियाचा किम डुक कू हा तरुण चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर अजिंक्यपदाच्या पंधरा फेऱ्या बारावर आणल्या गेल्या. घड्याळ माणसाला वाचवितेच असे नाही. विसाव्यानंतर पुन्हा उठविता येते म्हणून मार खाणाऱ्याला ते अधिक वेळ उभेही ठेवू शकते. म्हणून घंटेइतकीच घंटा ऐकणाऱ्याच्या विवेकाची गरज आहे.

आपल्या गावोगावच्या व्यायामशाळांतून आज मुलांच्या बरोबरीने मुलीही हातमोजे घालून उभ्या राहत आहेत, गादीवर कुस्ती लढत आहेत. त्यांच्या शिक्षकांना भिंतीवरची घंटा आणता येईल. ती स्वस्त आहे. परंतु घंटा झाल्यावरच्या त्या एका मिनिटात त्यांनी मोबाइलकडे किंवा दुसऱ्या जोडीकडे पाहिले, तर क्वीन्सबेरीच्या नियमांतले अर्धे शहाणपण वाया गेले असे समजावे. शिष्याचा श्वास तोंडावाटे चालला आहे की नाकावाटे, हे सुश्रुताने सांगितलेले लक्षण पाहावयास पंधरा श्वासांचा वेळ पुरेसा असतो.